नुसतं घासायचं की धातूपर्यंत खरवडायचं? जुन्या रंगावर स्प्रे मारण्याआधी

रंगवलेल्या लोखंडी वस्तूला पुन्हा स्प्रे मारायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, 'आधी नीट घासून घे.' या एका सल्ल्यात दोन वेगळी कामं दडलेली असतात. एकात जुना रंग जागेवर ठेवून फक्त त्याची चकाकी घालवायची असते. दुसऱ्यात तो रंग धातू दिसेपर्यंत उतरवायचा असतो. दोन्हीकडे हातात पॉलिश पेपरच असल्यामुळे एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते लक्षात येत नाही. माझं मत ठाम आहे: जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो उतरवू नका. नव्या रंगाला त्याच्याइतका चांगला पाया तुम्हाला घरच्या घरी सहज करता येणार नाही.

चकाकी घालवण्यामागचं कारण साधं आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर नव्या रंगाला धरायला काही मिळत नाही. ३२० नंबरच्या पेपरने (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) सगळीकडे बारीक चरे पडले आणि पृष्ठभाग एकसारखा मंद दिसू लागला की थांबायचं. पण त्याआधी वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, टर्पेंटाइनने पुसायला हवी. हा क्रम उलटा झाला तर तेलकटपणा त्या चऱ्यांत जाऊन बसतो, आणि मग कितीही पुसलं तरी तिथला रंग सुटतो.

रंग घट्ट आहे की नाही, हे नखाने खरवडून ठरवू नका. धारदार ब्लेडने धातूपर्यंत पोचतील अशा सहा समांतर रेघा मारा, त्यांना काटकोनात आणखी सहा. पातळ थरावर रेघांमध्ये १ मिलिमीटर अंतर पुरतं, जाड थरावर २ ते ३ ठेवा. त्या जाळीवर चिकटपट्टी दाबून बसवा आणि ओढा. आयएसओ २४०९ या मानकातली चाचणी मुळात हीच. तिथे ० ते ५ अशी श्रेणी असते आणि ० म्हणजे एकही चौकोन निघाला नाही. घरी इतकं मोजायची गरज नाही. कडांचे कण निघाले तर चालेल, पण चौकोनच्या चौकोन पट्टीवर आले तर रंग उतरवायलाच हवा.

धातूपर्यंत जाणं म्हणजे काही जबाबदाऱ्या अंगावर घेणं. उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत तांबूस पडू शकतं, म्हणून प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पायाच्या थराचा, हात त्याच दिवशी बसला पाहिजे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोरात खरवडला तर गंजापासून वाचवणारा मुलामाच जातो. शिवाय उघड्या जस्तावर थेट तैलरंग मारला, तर जस्त आणि रंगातलं तेल यांचा साबण बनून पुढे रंगाचे पापुद्रे निघतात. जस्त किंवा ॲल्युमिनियम उघडं पडलं असेल, तर त्या धातूसाठी असलेला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा प्रायमरच घ्यावा. रंग उतरवायला कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमवर तर कधीच वापरू नये, तो धातूच खातो. मिथिलीन क्लोराइड असलेल्या रिमूव्हरपासूनही, म्हणजे रंग उतरवणाऱ्या रसायनापासूनही, लांब राहा. त्याची वाफ शरीरात गेल्यावर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि बंद खोलीत त्याने माणसं दगावली आहेत. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असेल, तर कोरडं घासू नका. पेपर पाण्यात बुडवून घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा.

बऱ्याचदा मात्र वस्तू दोन्हींच्या मधली असते: चार ठिकाणी गंज, बाकी रंग शाबूत. तेव्हा फक्त गंजाच्या जागा ८० किंवा १२० नंबरने धातूपर्यंत न्या. मग बारीक पेपरने जुन्या रंगाची कड उतरती करत जा, इतकी की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. त्या जागांवर प्रायमर, बाकी सगळीकडे नुसती चकाकी घालवायची. या कडेवर मी सर्वात जास्त वेळ घालवतो, कारण स्प्रेचा थर इतका पातळ असतो की तो खालचं काहीही झाकत नाही.

रंग घट्ट असूनही दगा देऊ शकतो. लॅकर स्प्रेमधलं (झटकन वाळणाऱ्या रंगाच्या स्प्रेमधलं) तीव्र थिनर जुन्या इनॅमलला, म्हणजे नेहमीच्या चकचकीत तैलरंगाला, फुगवतं आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो. म्हणून नजरेआडच्या कोपऱ्यात नवा रंग आधी मारून बघा. जुना रंग सुरकुतला तर स्प्रे बदला, नाहीतर खरवडणं आलंच.

यानंतरचं काम दोन्हीकडे सारखंच. कॅनमधली गोळी वाजू लागल्यावर निदान मिनिटभर हलवा. २० ते ३० सेंटिमीटरवरून, वस्तूच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच संपवत, पातळ हात मारा, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढवत. दुसरा हात कधी मारायचा ते कॅनवर वाचा. अनेक इनॅमल स्प्रेंवर 'एका तासाच्या आत, नाहीतर एक-दोन दिवसांनी' अशी सूचना असते. मधल्या वेळात वरून कोरडा वाटणारा थर आत मऊच असतो, आणि तेव्हा मारलेला हात स्वतःच्याच खालच्या रंगाला सुरकुत्या पाडतो.