न दिसणारा घाम

भाचीचा फोन आला तेव्हा मी कान्हेरीपर्यंत चालून नुकतीच बोरिवलीच्या घरी परतले होते. कुर्ता पिळला असता तर बादलीत पाणी पडलं असतं. ती लॉस एंजेलिसला असते. म्हणाली, "मावशी, ऑक्टोबरअखेर येतेयस ना, तर जोशुआ ट्रीला जाऊ. स्प्लिट रॉकची वाट आहे, गोल फिरून पुन्हा गाडीपाशीच येते. चारच किलोमीटर. कळसूबाई चढणारी तू, तुला काय त्याचं!"

चार किलोमीटर ऐकून मीही हसले. मग नकाशा उघडला. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचं आहे. आपली मुंबई उपनगरं धरून ६०३, म्हणजे पाच मुंबया आत मावतील. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं तिथं एकमेकांना भेटतात. पाण्याचे नळ उद्यानाच्या कडेला मोजक्या ठिकाणी. आतल्या भागात थेंब नाही. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंजही नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. आपल्याला गडावर टाकं असणार हे गृहीतच असतं. कान्हेरीत तर जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी टाकं खोदलेलं आहे. तिथले शिलालेख त्याला 'पोढी' म्हणतात.

तापमान बघितलं तर दिवसा २५ ते ३० अंश. आपल्या ऑक्टोबर हीटपेक्षा सुखाचं. फसगत होते ती इथंच, आणि ती समजून घ्यायला कॅलिफोर्नियापर्यंत जायची गरज नाही. नागपूरचा कूलर आठवा.

नागपूरकर मुंबईत बदलून आला आणि हौसेनं कूलर घेऊन आला, तर पहिल्याच आठवड्यात तो माळ्यावर जातो. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, एवढंच कूलरचं शास्त्र. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर कूलर ती हवा जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत उतरवू शकतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत त्याची धाव २९ पर्यंतच, वर खोलीत दमटपणा वाढतो तो वेगळाच.

आपलं अंग म्हणजेही कूलरच. एक लिटर घामाची वाफ झाली की अंगातून साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तेवढ्यात सात लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. पण अट एकच: वाफ व्हायला हवी. भुवईवरून ओघळून फरशीवर पडलेल्या थेंबानं काहीच थंडावा दिलेला नसतो.

आता थोडा हिशेब. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर बाष्पाचा दाब सुमारे ५६ हेक्टोपास्कल असतो. मुंबईच्या ३२ अंश, ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो ३६ च्या आसपास. घामाला हवेत ढकलणारा फरक जेमतेम २०. वाळवंटात २८ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर हवेतला दाब ६ आणि फरक ५०. अडीचपट. तिथं घाम त्वचेवर टिकतच नाही. याचा अर्थ तिथं घाम जास्त येतो असा मुळीच नाही. उलट आपल्याकडे बराचसा वाया जातो म्हणून अंग तो उपसत राहतं. फरक दिसण्याचा आहे. मुंबईकर आयुष्यभर कुर्त्याकडे बघून ठरवतो की आता पाणी प्यायला हवं. वाळवंटात कुर्ता कोरडा, कपाळ कोरडं, आणि पाणी जातच असतं. तहान तर तशीही उशिरानंच जागी होते.

म्हणून मी आधी स्वतःलाच मोजलं. पुढच्या खेपेला कान्हेरीला निघण्यापूर्वी वजन केलं, परतल्यावर अंग पुसून पुन्हा केलं, दोन्ही वेळा कपड्यांशिवाय, कारण कुर्त्यात मुरलेला घामही वजनात धरला जातो. ६२.४ चे ६१.९ झाले. मध्ये एक लिटर पाणी प्यायले होते. म्हणजे दोन तासांत दीड लिटर गेलं. आकडा बघून मीच चपापले. एका लिटरमध्ये भागलं, असं मला वाटत होतं.

जोशुआ ट्रीचं व्यवस्थापन माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर पाणी न्यायला सांगतं. दोन लिटर पाठीवर, बाकी गाडीत, असं मी ठरवलं. नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही. लिटरभर घामाबरोबर दोन-तीन ग्रॅम मीठ जातं; त्याच्या जागी तासन्‌तास फक्त पाणीच भरत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळतो, ओकतो, क्वचित जिवावर बेततं. त्यामुळे पिशवीत खारे दाणे. चकलीही चालेल, पण तिचा प्रवासात भुगा होतो.

वेळेचं गणित सोपं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून वापरात आहे: तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जास्त. या हिशेबानं ही वाट तासाभराची. पण रेती लागली की हिशेब बिघडतो. रेतीत चालायला टणक जमिनीच्या दोन ते अडीच पटींहून अधिक ऊर्जा लागते, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं. पटत नसेल तर जुहू चौपाटीच्या कोरड्या वाळूतून एक फेरी मारून बघा, पोटऱ्या सांगतील. मी दोन तास धरले आहेत, सूर्योदयाला निघून.

गोल वाटेची एक खोडी असते. जाऊन-येऊन वाटेवर कंटाळा आला की वळता येतं. गोल वाटेवर अर्धं अंतर ओलांडलं की पुढे जाणंच जवळचं. म्हणून अर्ध्यावर पोहोचण्याआधी पाणी अर्ध्याखाली गेलं तर तिथूनच परतायचं. आणि चार किलोमीटरचं वर्तुळ धरलं तर त्याचा व्यास सव्वा किलोमीटर. गाडी हाकेवर आहे असं वाटत राहतं, कोरड्या स्वच्छ हवेत लांबचं जवळ दिसतं, आणि मधूनच कापून जाण्याचा मोह होतो.

तो टाळायचा, कारण दिशेची खूण दिसेनाशी झाली की माणसाला सरळ चालता येत नाही. जर्मनीतल्या यान सोमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना जंगलात आणि ट्युनिशियाच्या सहारात चालवून बघितलं. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सूर्य-चंद्र दिसत होते तोवर वाट बऱ्यापैकी सरळ. सहारात रात्री चालणाऱ्याचा चंद्र मावळला, तसा तो वळत वळत आला त्याच दिशेला निघाला. आपल्या रानातला चकवा आठवला मला. डोळे बांधले तर काही जण वीस मीटरच्या आत गोल फिरले.

शिवाय वाटेबाहेरची माती मेलेली नसते. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जिवाणू, शेवाळ, दगडफूल यांनी विणलेला काळपट पापुद्रा तिच्यावर असतो. तो माती धरून ठेवतो. एका बुटानं मोडला तर भरून यायला वर्षं, कधी दशकं जातात.

येताना चोया नावाच्या निवडुंगाच्या बागेत थांबू, असं भाचीचं म्हणणं. तिथंही चारशे मीटरची छोटी गोल वाट आहे. लांबून टेडी बेअरसारखं लोकरी दिसणारं हे झाड नुसतं घासून गेलं तरी त्याचं कांडं सुटून कपड्याला चिकटतं. काट्यांना उलटे दात असतात. हातानं काढायला गेलं तर ते बोटांत रुततं. कंगवा मध्ये सारून झटक्यात उडवायचं.

तिला यादी पाठवली: पाणी आठ लिटर, खारे दाणे, टोपी, कागदी नकाशा, कंगवा. उत्तर लगेच आलं. "मावशी, चारच किलोमीटर आहे गं. आणि कंगवा कशाला, फोटो काढायला?"