फॅक्टोरिअल की प्रायमोरिअल?

६! म्हणजे १ ते ६ या सगळ्या संख्यांचा गुणाकार: ७२०. ७# म्हणजे ७ पर्यंतच्या फक्त मूळ संख्यांचा: २×३×५×७ = २१०. पहिलं फॅक्टोरिअल, दुसरं प्रायमोरिअल. दोन्ही क्रमिकांत २ आणि ६ लागोपाठ येतात, तिथेच नजर फसते. पुढे एक २४, १२०, ७२० अशी धावते आणि दुसरी ३०, २१०, २३१० अशी.

खरा घोळ १ मिळवल्यावर होतो. ‘मूळ संख्यांचा गुणाकार करा, १ मिळवा, नवी मूळ संख्या तयार!’ ही युक्लिडच्या नावावर खपवलेली थाप. ३, ७, ३१, २११, २३११ या पाचही मूळ निघतात, त्यामुळे विश्वासही बसतो. मग येते १३#+१ = ३००३१, आणि ती निघते ५९×५०९. मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे दाखवणाऱ्या युक्लिडच्या युक्तिवादातून एवढंच मिळतं की या संख्येचा एखादा मूळ अवयव आपल्या यादीबाहेरचा असणार. तो इथे आहेच, एक सोडून दोन.

हाच युक्तिवाद फॅक्टोरिअलनेही चालतो, पण तिथे १ मिळवून मूळ संख्या मिळणं आणखी अवघड. ३!+१ = ७ नंतर थेट ११!+१, म्हणजे ३,९९,१६,८०१. मधल्या काही जागा विल्सनचं प्रमेय अडवतं: प मूळ असेल तर (प−१)!+१ ला प ने निःशेष भाग जातो. म्हणून ४!+१ ला ५ ने, ६!+१ ला ७ ने, १०!+१ ला ११ ने. प्रायमोरिअलमागे हे शुक्लकाष्ठ नाही.

जाता जाता: ४!+१ = २५, ५!+१ = १२१, ७!+१ = ५०४१ हे तिन्ही पूर्ण वर्ग. आणखी कोणते, हा फ्रेंच गणितज्ञ ब्रोकारने १८७६ मध्ये मांडलेला प्रश्न रामानुजननेही १९१३ मध्ये विचारला. चौथा अजून कुणाला सापडलेला नाही.

सलग संयुक्त संख्या हव्या असतील तर पुस्तकं फॅक्टोरिअल वापरतात: १०!+२ पासून १०!+१० पर्यंत नऊ. समजायला सोपं, पण संख्या छत्तीस लाखांच्या वर. प्रायमोरिअल तेच काम २१० मध्ये उरकतं. २१२ ते २२० सगळ्या संयुक्त. २१० ला ८ ने भाग जात नाही, मग २१८ कशी अडकली? ८ मधला २ हा २१० मध्येही आहे, तेवढा पुरतो.