गंजत नाही, पण कशामुळे? जीआय आणि स्टेनलेसची गोष्ट

स्टँड करून घेताना मी फॅब्रिकेशनवाल्याला दोनदा विचारलं होतं, "स्टीलच आहे ना?" दोन्ही वेळा उत्तर एकच. "हाँ भिया, स्टील ही है, ज़ंग नहीं लगेगी." यात त्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. जीआय म्हणजे जस्ताचा थर चढवलेलं पोलादच, आणि त्याला गंजही लागला नाही. मेले ते मासे.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर 200 लिटरची सिमेंटची टाकी आहे. मधे कुमुदाची कुंडी तळाशी बसते. कडेला वेखंड आणि ब्राह्मी, त्यांना खोल पाणी नको असतं, म्हणून पाण्यात बुडणारा दोन पायऱ्यांचा स्टँड हवा होता. तो वैशाखात ठेवला. दोन महिने सगळं छान. आषाढात चार दिवस झड लागली, टाकी पावसानं भरून वाहिली, आणि पाचव्या दिवशी आधी गोगलगायी तळाशी पडल्या. मग गप्पी पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून धापा टाकायला लागले. ढगाळ हवेत पाण्यातला प्राणवायू कमी होतो हे माहीत होतं, म्हणून निम्मं पाणी काढलं आणि ताजं, पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी ओतलं. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ती. का, ते पुढे येईलच.

आपण बोलताना चकचकीत राखाडी धातूला सरसकट 'स्टील' म्हणतो. ताट स्टीलचं, बादली स्टीलची, खिडकीची जाळी स्टीलची. 'गंजत नाही' हा एकच गुण बघून जीआय आणि स्टेनलेस एका पंगतीत बसवतो. पण न गंजण्याचे हे दोन मार्ग एकमेकांच्या अगदी उलटे आहेत, आणि पाण्यात जीव सोडायचे असतील तर तेवढाच फरक महत्त्वाचा.

स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा धरतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि ओरखडा उठला तर आपोआप पुन्हा धरतो. थोडक्यात, स्टेनलेस दार लावून आत बसतं.

जीआयचा कारभार वेगळा. वरचं जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजणारं, आणि ते झिजतं म्हणूनच खालचं लोखंड वाचतं. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी भोवतीचं जस्त आधी जातं. म्हणजे स्टँड गंजला नाही याचा अर्थच हा की जस्त कुठेतरी गेलं. गच्चीच्या कठड्याला ते पावसाबरोबर वाहून जातं, त्याचं कुणाला काही नाही. टाकीत मात्र जायला जागा एकच असते.

जस्त विष थोडंच आहे, असं कुणी म्हणेल. जुन्या घरांत न्हाणीत जस्ताची बादलीच असायची आणि तिनं कुणी मेलं नाही. पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक 10500 लिटरमागे 5 मिलिग्रॅम जस्त बिनदिक्कत मान्य करतं, दुसरा स्रोत नसेल तर 15 पर्यंत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी ठरवलेली मर्यादा मात्र मध्यम जड, म्हणजे बेताचे क्षार असलेल्या, पाण्यात लिटरमागे 0.12 मिलिग्रॅम आहे. आपल्याला चालतं त्याचा चाळिसावा भाग. कारण आपण पाणी पितो, आणि मासा पाण्यातून श्वास घेतो. कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून तो पाण्यातलं कॅल्शियम ओढत असतो, आणि जस्त त्याच वाटेनं घुसून कॅल्शियमची जागा अडवतं. मग कल्ले सुजतात, बुळबुळीत स्राव साचतो आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. तांब्याचं तर आणखी कडक. आजी तांब्याच्या घागरीतलं पाणी आग्रहानं प्यायला लावायची. तीच घागर गप्पींचं घर होऊ शकत नाही, आणि गोगलगायी व कोळंबीचं तर मुळीच नाही. शेवाळावर मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, टाकणारे लोक याच गुणाचा फायदा घेतात आणि पुष्कळदा मासेही गमावतात.

आता हिशेब. 50 मायक्रॉन जाडीच्या थरात दर चौरस मीटरला सुमारे साडेतीनशे ग्रॅम जस्त असतं. माझ्या स्टँडचा पृष्ठभाग अंदाजे 0.3 चौरस मीटर धरला तर शंभराहून थोडं जास्त. 200 लिटर पाणी 0.12 च्या मर्यादेपर्यंत न्यायला जस्त लागतं फक्त 24 मिलिग्रॅम. म्हणजे स्टँडवरच्या एकूण जस्ताचा साधारण साडेचार हजारावा भाग सुटला की झालं. डोळ्याला स्टँड नवा कोरा दिसतो तेव्हाच हे घडून गेलेलं असतं.

मग वैशाखात मासे का जगले? त्या दिवसांत आमच्याकडे टँकरनं बोअरचं पाणी येत होतं. माळव्याच्या काळ्या दगडातून आलेलं ते पाणी डाळ शिजू देत नाही आणि साबणाला फेस येऊ देत नाही. माशांना मात्र तो जडपणाच ढाल ठरतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की कल्ल्यावर जस्ताला जागा मिळत नाही. शिवाय जड पाण्यात जस्तावर कार्बोनेटचा पांढुरका थर धरतो आणि झीज मंदावते. पावसाचं पाणी याच्या नेमकं उलट. त्यात क्षार जवळपास नसतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यानं ते किंचित आम्ल असतं. ते टाकीत पडलं की जस्त जास्त सुटतं आणि ढालही जाते. पाण्याचा जडपणा निम्म्यावर आला की माशांना सोसणारी मर्यादाही जवळजवळ निम्म्यावर येते. मी प्राणवायूच्या नावाखाली आणखी पावसाचं पाणी ओतलं ते यामुळेच अंगाशी आलं.

म्हणूनच कुणी सांगितलं की "आमच्या गावाकडे जीआयच्या जुन्या टाकीत मासे आहेत की", तर तेही खरं असू शकतं. टाकी जुनी, आतून थर धरलेली, पाणी विहिरीचं आणि पुष्कळ. त्या अनुभवावर विसंबून दुकानातून आणलेला नवा स्टँड लहान टाकीत ठेवू नये, एवढंच.

आता ओळखायचं कसं. इथे चुंबकाचा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धाच खरा आहे. जीआयला चुंबक घट्ट चिकटतं. 304 ग्रेडच्या स्टेनलेसला चिकटत नाही, पण वाकवलेल्या कोपऱ्यावर किंचित ओढ लागते. 430 ग्रेडचं स्टेनलेस, जे स्वस्त भांड्यांत असतं, त्याला मात्र चांगलं चिकटतं. तेव्हा चिकटलं म्हणजे जीआयच असं नाही. चिकटलं नाही तर जीआय नक्की नाही, एवढंच हाती लागतं. (हलकं असेल तर ॲल्युमिनियम असू शकतं, तेही बघा.) ओरखडा मारून गंजाची वाट बघणं तर साफ फसवं आहे. जस्त त्या ओरखड्याचीही राखण करतं.

डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवा. जीआयवर बहुधा बर्फाच्या फुलांसारखी नक्षी किंवा मळकट राखाडी झाक असते, जोडांपाशी ओघळ गोठलेले दिसतात, आणि ओलसर जागी पडून राहिलं तर वर पांढरी भुकटी येते. स्टेनलेसवर एका दिशेच्या बारीक रेघा असतात किंवा आरशासारखी चकाकी. तरी शंका राहिली तर संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाकीपासून दूर, उघड्यावर, हातमोजे घालून टाका. जस्तावर लगेच फसफसतं. स्टेनलेसवर तेवढ्यात काही होत नाही. दोन्हीवरून लगेच भरपूर पाण्यानं धुवा, ते ॲसिड स्टेनलेसवर राहू दिलं तर त्यालाही खातं.

एक शब्दाचा घोळही इथेच मोडून टाकतो. आमच्याकडे काही जण जीआयला 'कल्हई केलेलं' म्हणतात. कल्हई कथलाची असते, पितळेच्या भांड्यांना. जीआयवर जस्त असतं. दोन्ही पांढरे दिसतात, नाव मात्र एकाचं दुसऱ्याला लावू नये.

स्टेनलेस घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. बाजारात 202 आणि 304 शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला सारखेच. 304 मध्ये क्रोमियम साधारण 18 टक्के आणि निकेल 8 टक्के. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, ते स्वस्त पडतं आणि सततच्या पाण्यात लवकर डागाळतं. गोड्या पाण्याला 304 पुरे. कोई माशांना औषध म्हणून वरचेवर मीठ घालणाऱ्यांनी 316 चा विचार करावा, मिठाच्या पाण्यात 304 वर बारीक खड्डे पडतात.

वेल्डिंगकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या. दुकानात ग्राइंडरची एकच चकती दिवसभर साध्या लोखंडावर आणि मग आपल्या स्टेनलेसवर फिरते. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिनाभरात स्टेनलेसला गंजाचे ठिपके येतात. मग लोक म्हणतात, माल डुप्लिकेट होता. जोडावरची निळी-तपकिरी झाक साफ करून द्यायला सांगा, तिथला क्रोमियमचा पापुद्रा कमजोर झालेला असतो. बाकी थोडा गंज आलाच तर घाबरू नका. अशा चार ठिपक्यांनी माशांचं काही बिघडत नाही, पाणी तेवढं पिवळसर होतं. आश्चर्य वाटेल, पण गंजकी लोखंडी तिवई आणि चकाकता नवा जीआय स्टँड यांतून एकच निवडायचा झाला तर मी तिवई टाकीत ठेवीन.

जीआय स्टँडला रंग देऊन काम भागवू, हा विचार मीही केला. नव्या जस्तावर रंग नीट धरत नाही, पाण्याखाली फुगून सुटतो. ज्यांना धातूच नको आहे त्यांच्यासाठी काळ्या दगडाच्या दोन फरशा, भाजलेल्या विटा किंवा उपडी घातलेली मातीची कुंडी उत्तम आणि जवळजवळ फुकट. ताजं सिमेंट तेवढं टाळा. ते पाण्यात चुना सोडतं आणि पीएच चढतो. सिमेंटच्या नव्या टाकीतही म्हणूनच काही आठवडे पाणी भरून ठेवून ते सोडून द्यावं लागतं.

मासे धापा टाकताना दिसले आणि धातूचा संशय आला तर आधी स्टँड बाहेर. मग रोज थोडं थोडं करून जड पाण्यानं बदल करा. नर्मदेचं नळाचं पाणी वापरायचं तर एक दिवस उघडं ठेवून, क्लोरिन उडून गेल्यावरच. माझे सात गप्पी यामुळे वाचले, गोगलगायी मात्र एकही नाही.

नवा स्टँड 304 चा करून घेतला आणि तरी एकदा फसणार होतो. सगळा सांगाडा स्टेनलेसचा, पण जोडायला कारागिरानं पिवळट झाक असलेले चार नट-बोल्ट काढले. ते झिंकचा, म्हणजे जस्ताचाच, मुलामा दिलेले. पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की कमकुवत धातू जास्त वेगानं झिजतो, म्हणजे एवढ्या मोठ्या स्टेनलेसला टेकलेले ते चार बोल्ट नुसते असते त्याहून लवकर जस्त सोडत बसले असते. सियागंजात जाऊन स्टेनलेसचे आणले, डोक्यावर 'ए2-70' असा ठसा असलेले. ए2 म्हणजे 304 च्याच कुळातले. कारागीर हसला, म्हणाला, "चार बोल्ट के लिए इतना?" मी फक्त पाना मागितला.