पार्श्वभूमी : पहाटेच्या पळण्याला सोबत कुठून आली?

नोव्हेंबर लागला की पुण्यात रविवारी पहाटे पाचलाच रस्त्यांना जाग येते. एनडीए रस्ता, पाषाण, विद्यापीठाचा परिसर, रेसकोर्सच्या कडेचा रस्ता, बालेवाडी, जिथे जाल तिथे दहा-पंधरा जणांचे घोळके पळताना दिसतात. डिसेंबरात पुण्यातल्या शर्यती असतात, जानेवारीत मुंबई, आणि तयारीचे मोठे पल्ले याच आठवड्यांत उरकायचे असतात. शर्यत तर ज्याची त्याने पळायची. छातीवरच्या बिबवरचा, म्हणजे कापडी-कागदी पट्टीवरचा, नंबर आपला, वेळ आपली, दुखणारे गुडघेही आपलेच. तरी माणसं घोळक्याने का पळतात?

हे सगळं फोनवरच्या ग्रुपांमुळे आलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी बारा वर्षांपूर्वी कोथरूडमधून पळायला लागले तेव्हा मलाही तसंच वाटायचं. पण ही सोबत आपल्याकडे कशी आली ते शोधत गेलं की गोष्ट शंभर वर्षं मागे जाते, आणि तिचा एक धागा पार न्यूझीलंडला पोचतो.

पुण्याच्या बाजूने सुरुवात करायची तर डेक्कन जिमखान्यापासून करावी लागते. जिमखान्याची स्थापना 1906 ची. सर दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या सुमाराला जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत त्यांनी शेतकरी घरांतली पोरं अनवाणी पळताना पाहिली. नियमांची त्यांना फारशी माहिती नव्हती, सरावाला कुणी शिकवणारं नव्हतं, पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. दोराबजींनी मनावर घेतलं, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांची मदत मिळवली, स्वतःचे पैसे घातले आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते 19 वे आले. ती शर्यत नेहमीच्या 42.195 किलोमीटरची नव्हती, 42.75 किलोमीटरची होती, आणि चौगुल्यांनी ती 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत संपवली. म्हणजे किलोमीटरला साधारण चार मिनिटं. पळणाऱ्या कुणालाही विचारा, हा आकडा ऐकून तो दोन मिनिटं गप्प होईल. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही उतरले होते, त्यांना ती पूर्ण करता आली नाही.

भारताच्या ऑलिंपिकच्या वाटचालीत पुण्यातल्या त्या मैदानाचं नाव येतं, पण पळणाऱ्यांच्या गप्पांत ते क्वचितच निघतं, याची मला खंत आहे. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तिथे पळणं हे निवडक, तरण्या, दमदार माणसांचं काम होतं. बाकीच्यांनी कडेला उभं राहून बघायचं. पन्नाशीच्या कारकुनाने किंवा घरच्या बाईने पळावं, ही कल्पनाच त्यात नव्हती. आपल्या भाषेतही 'पळणे' म्हणजे आधी पळून जाणे. भरल्या रस्त्यावर मोठा माणूस पळाला की 'काय झालं, कोण मागे लागलंय?' असंच विचारलं जायचं.

ही कल्पना बदलली ती ऑकलंडमध्ये. आर्थर लिडियार्ड हे तिथले प्रशिक्षक. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या तालमीतल्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी सुवर्णपदकं जिंकली, आणि मग लिडियार्ड यांच्याकडे वेगळीच माणसं यायला लागली. मध्यमवयीन, पोट सुटलेली, काही तर हृदयविकारातून उठलेली. त्यांच्यासाठी 1962 मध्ये ऑकलंडमध्ये जॉगर्स क्लब निघाला. तिथलं सूत्र साधं होतं: शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. धाप लागून बोलणं तुटलं तर वेग जास्त झाला. आज पुण्यातला प्रत्येक कोच नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतो, 'गप्पा मारत पळता आलं पाहिजे'. पण हे सूत्र पाळायचं तर शेजारी कुणीतरी लागतं, हे त्यातच आलं.

त्याच वर्षाच्या अखेरीला बिल बॉवरमन हे अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक तिथे गेले. वय 51. रविवारच्या पळण्यात ते पार मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक गृहस्थ मुद्दाम मागे राहिले आणि गप्पा मारत त्यांना सोबत करत आले. बॉवरमन यांनी घरी परतल्यावर ऑरेगनमध्ये असेच वर्ग सुरू केले आणि तिथून जॉगिंग जगभर पसरलं. मला या सगळ्या इतिहासात ते मागे राहिलेले आजोबा सगळ्यात महत्त्वाचे वाटतात.

पुण्याला मागे थांबणं नवीन नव्हतं, फक्त ते पळण्यात आलं नव्हतं. पर्वतीच्या 103 पायऱ्या रोज चढणारे, वेताळ टेकडीवर आणि हनुमान टेकडीवर वर्षानुवर्षं त्याच वेळेला भेटणारे, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन उतरणारे, यांचे गट फार जुने आहेत. पौर्णिमेच्या रात्री कात्रज ते सिंहगड अशा तेरा टेकड्या तुडवताना शेवटचा माणूस दिसेनासा झाला की पुढचे आपोआप थांबतात. आणि त्याहून जुनी आपली वारी. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्काम करते, मग माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. दिंडीत म्हातारी बाई असते, दम लागणारा असतो, पण चाल सगळ्यांची मिळून असते, आणि अनोळखी माणसालाही हाक 'माउली' हीच. घाटात पाय भरून आले की मागून कुणीतरी म्हणतं, 'चला माउली'. शर्यतीत 35 व्या किलोमीटरला मी हीच हाक ऐकली आहे. ती हाक देणारा कोण होता ते मला आजही ठाऊक नाही.

1983 मध्ये सुरेश कलमाडी यांच्या पुढाकाराने पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. देशातल्या जुन्या शर्यतींपैकी ही एक. केनिया, इथिओपियाचे धावपटू आपल्या रस्त्यांवरून वाऱ्यासारखे जाताना पुणेकरांनी सहकुटुंब पाहिले, शाळांची पोरं छोट्या अंतराला उतरली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्ससारख्या लष्करी केंद्रांमुळे शिस्तीत पळणारे जवान शहराला माहीत होतेच. पण नोकरी करून, घर सांभाळून 21 किंवा 42 किलोमीटर पळणारा माणूस अजून दुर्मीळ होता.

तो मोठ्या संख्येने आला मुंबईमुळे. मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली आणि पुण्याच्या माणसाला घरापासून तीन-चार तासांवर एक मोठं ध्येय मिळालं. तिथे पेडर रोडचा चढ अगदी दमलेल्या पायांना येतो, आणि तिथेच सामान्य मुंबईकर संत्र्याच्या फोडी, चिक्की, बर्फ घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात. ज्यांनी ते अनुभवलं ते परत येऊन शेजाऱ्याला, ऑफिसातल्या मित्राला, मेव्हण्याला सांगत सुटले. 2012 पासून साताऱ्याची यवतेश्वर घाटातली हाफ मॅरेथॉन आली, 2018 मध्ये बालेवाडीहून आणखी एक हाफ सुरू झाली. तयारीला सोळा ते वीस आठवडे लागतात. एवढे आठवडे पहाटे साडेचारचा गजर बंद न करता उठायचं, तर खाली कोपऱ्यावर कुणीतरी आपली वाट पाहत उभं असल्याशिवाय ते होत नाही. गट जमले ते या अगदी व्यवहारी गरजेतून.

बायकांसाठी तर ही गरज आणखी मोठी होती, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. ऑलिंपिकमध्येच बायकांना मॅरेथॉन 1984 पर्यंत नव्हती. आपल्याकडे आडकाठी करणारा नियम नव्हता, अंधार होता. पहाटे पाच वाजता मोकळ्या रस्त्यावर एकटीने पळायला घरचे 'हो' म्हणत नसत, आणि सुनसान रस्ता, कुत्री, बाजूने हळू जाणारी गाडी या भीतीला कारणही होतं. 'आम्ही आठजणी आहोत' हे वाक्य घरात चालायचं. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी त्या एका वाक्यावर बाहेर पडल्या. साताऱ्याच्या मोही गावातून निघून 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेल्या ललिता बाबर यांचं नाव त्यांच्या गप्पांत असतं, पण दाराची कडी काढायला लावते ती शेजारच्या सोसायटीतली ताई.

गटांच्या रीती कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत, तरी सगळीकडे सारख्या आहेत. शेवटचा माणूस आल्याशिवाय चहा सांगायचा नाही. नव्या माणसाला 'थोडंच राहिलंय' असं खोटं सांगायचं नाही, 'अजून तीन किलोमीटर, पुढच्या खांबापर्यंत पळू, मग चालू' असं सांगायचं. रस्त्याकडेचे प्रेक्षक प्रेमाने 'आलंच, आलंच' म्हणतात, पण दमलेल्याला नेमका आकडाच धीर देतो. कुणाच्या पिंढरीत गोळा आला तर एकाने थांबायचं, बाकीच्यांनी पुढे जायचं, आणि थांबणारा कोण हे विचारावं लागत नाही. दुखणं दाबायला इंजेक्शन घेऊन पळतो म्हणणाऱ्याला रागावून घरी पाठवणं हेसुद्धा प्रोत्साहनच, असं माझं ठाम मत आहे.

पेसरची, म्हणजे ठरलेल्या वेगाने पळून इतरांना सोबत नेणाऱ्या धावपटूची, पद्धतही याच कुळातली. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत, जी 1921 मध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झाली, अशा घोळक्याला 'बस' म्हणतात. सुमारे 90 किलोमीटर, 12 तासांची मर्यादा, आणि पुढे चालणारा 'ड्रायव्हर' कधी पळायचं, कधी चालायचं ते ठरवून पन्नास-शंभर जणांना वेळेत आत नेतो. पुण्यातूनही लोक तिथे जातात आणि परतल्यावर इथल्या पल्ल्यांत तीच रीत चालवतात.

या सोबतीचा शरीरावरही परिणाम होतो. ऑक्सफर्डमध्ये 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात 12 वल्हेकऱ्यांना तेवढेच कष्ट एकदा एकट्याने, एकदा संघासोबत करायला लावले. सोबतीने वल्हवल्यावर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली. बारा जणांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण रविवारचा 28 किलोमीटरचा पल्ला एकट्याने आणि मग गटासोबत केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हे सगळं एका दिवसात थांबलं. काहीजण इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, काही गच्चीवर गोल गोल पळाले. मुंबईची शर्यत 2021 मध्ये झाली नाही, 2022 मध्येही नाही. आमच्या गटातल्या एका काकांनी त्या काळात रोज पहाटे पाचला सगळ्यांना फोन करायची सवय लावून घेतली. पळायला जायचं नव्हतंच, फक्त 'उठलीस का?' एवढंच विचारायचे. जानेवारी 2023 मध्ये मुंबई परत सुरू झाली. काका तेव्हा 66 वर्षांचे होते, आणि त्या दिवशी पेडर रोडच्या चढावर ते संत्री सोलून आमची वाट पाहत उभे होते.