सकाळी घोळक्यात, संध्याकाळी एकट्यानं

पहाटे पाचला महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडा, रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसतील. भरतीची तयारी करणारी. आठ-दहा जणांचा घोळका, पुढचा हातातल्या मोबाइलवर वेळ बघतोय, मागचे दोघं दम खात कसंबसं अंतर राखून आहेत. मुलींचा घोळका वेगळा, बहुतेक वेळा शाळेच्या मैदानावर. संध्याकाळी त्यांतलीच काही पोरं पुन्हा पळताना दिसतात. पण आता एकेकटी. कुणी शेतातलं काम आटोपून, कुणी कॉलेजच्या एसटीतून उतरून. विचारलं तर सांगतात, ‘दोन टाइम पळतो.’

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. जेमतेम काही मिनिटांचा खेळ. एवढ्यासाठी दिवसातून दोनदा घाम कशाला गाळायचा? कारण हे अंतर दिसतं तसं निव्वळ वेगाचं नाही. १५०० मीटरच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ८० टक्के ऊर्जा प्राणवायू वापरून तयार होते. म्हणजे छाती आणि पायांची टिकाऊ ताकद हीच खरी पुंजी, आणि ती वाढवायला पुष्कळ पळावं लागतं. ते पुष्कळ पळणं दिवसात कसं वाटून घ्यायचं आणि कुणाबरोबर करायचं, या दोन प्रश्नांवर शास्त्रज्ञांनी केलेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. या पोरांपर्यंत ते पोचायला हवं.

दोनदा पळणं म्हणजे एकच लांब धाव मधोमध कापणं, असं मलाही वाटायचं. हिशेब तसा नाही. आपण खाल्लेल्या भाकरी-भातातली साखर स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साठते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. जोरात पळताना मुख्यतः हा साठा खर्च होतो. तो बराचसा संपला असेल, तर कणगी पुन्हा काठोकाठ भरायला, नीट जेवूनही, २४ तास लागू शकतात. सकाळी कसून पळालेला मुलगा संध्याकाळी बूट बांधतो तेव्हा त्याची कणगी अर्धवटच भरलेली असते. त्याचं संध्याकाळचं पळणं अंतरानं सकाळइतकंच असलं, तरी स्नायूंच्या दृष्टीनं ते वेगळं काम असतं.

२००५ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी याची फार सुंदर परीक्षा घेतली. सात तरुण घेतले, सरावाची सवय नसलेले. प्रत्येकाच्या एका पायाला रोज एकदा व्यायाम. दुसऱ्या पायाला एक दिवसाआड, पण त्या दिवशी दोनदा, मध्ये दोन तासांची विश्रांती देऊन. दहा आठवड्यांत दोन्ही पायांचं एकूण काम सारखंच झालं. माणूस तोच, जेवण तेच, झोप तीच. फरक फक्त वेळापत्रकाचा. शेवटी दोन्ही पायांची कमाल ताकद सारखीच वाढलेली होती. पण दमेपर्यंत काम करत राहायला सांगितलं, तेव्हा दोनदा राबलेला पाय कितीतरी जास्त वेळ टिकला.

यामागचं कारण पेशीच्या आत आहे. स्नायूंत एएमपीके नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ग्लायकोजेन कमी झालं की ते जास्त जागं होतं आणि पेशीच्या केंद्रकाकडे निरोप जातो: इंधन अपुरं पडतंय, भट्ट्या वाढवा. या भट्ट्या म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्या वाढल्या की स्नायू चरबी जाळायला शिकतो आणि साखर राखून ठेवतो.

इथं थोडं सावध राहायला हवं. ते सात जण नवखे होते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात मुरलेल्या सायकलपटूंवर तीन आठवडे असाच प्रयोग झाला. स्नायूंतली विकरं दोनदा सराव करणाऱ्यांत जास्त वाढली, पण शर्यतीसारख्या चाचणीतली कामगिरी दोन्ही गटांत सारखीच सुधारली, सुमारे १० टक्क्यांनी. शिवाय रित्या कणगीवर केलेल्या दुसऱ्या सरावात त्यांचा जोर कमी पडत होता. म्हणून दुसऱ्या पळण्यात वेगाचा हट्ट धरू नये. आणि उपाशीपोटी पळावं, असा अर्थ तर यातून मुळीच काढू नये. भरतीच्या पोरांमध्ये हा गैरसमज मी खूप पाहिलाय.

खरं तर दोनदा पळणाऱ्यानं सकाळच्या पळण्यानंतर लगेच खायला हवं. पहिल्या तास-दोन तासांत स्नायू रक्तातली साखर जोमानं ओढून घेतात. पुन्हा त्याच दिवशी पळायचं असेल तर सुरुवातीच्या काही तासांत, दर तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं घ्यावीत, असं क्रीडा-आहारशास्त्र सांगतं. साठ किलोच्या मुलासाठी तासाला साठ ग्रॅम: दोन मध्यम केळी आणि गुळाचा बऱ्यापैकी खडा, किंवा बशीभर पोहे. भिजवलेले हरभरे चांगलेच आहेत, पण ते सावकाश पचतात. नुसत्या हरभऱ्यांवर संध्याकाळ निघत नाही. केनियाच्या अव्वल धावपटूंच्या आहाराची २००४ मध्ये नोंद झाली, तेव्हा त्यांच्या ऊर्जेतला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा कर्बोदकांचा निघाला. त्यांचं मुख्य अन्न उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. भाकरी खाणाऱ्यांनी परदेशी पावडरींकडे बघत बसायचं कारण नाही.

आता सोबतीचं बघू. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की सायकलस्वार एकट्यानं घड्याळाशी झुंजताना जेवढे वेगात जातात, त्याहून इतरांच्या बरोबर जास्त वेगात जातात. पुढे १९६९ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क झुरळांना पळवलं. सरळ वाटेवर, बाजूला दुसरी झुरळं बघत असली की झुरळ जास्त वेगानं पळायचं. वाटेत वळण घालून गुंता केला की तेच झुरळ प्रेक्षकांमुळे उलट रखडायचं. झायन्स यांचा निष्कर्ष असा, की जे काम अंगवळणी पडलेलं आहे ते सोबतीत जोरात होतं, आणि जे अजून शिकायचंय ते बिघडतं.

पळणं तर सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेलं. त्यामुळे घोळक्यात वेग आपोआप वाढतो, कुणी ठरवलं नसलं तरी. सकाळच्या कसून पळायच्या दिवशी हे वरदानच. पण हळू पळायच्या दिवशी तोच घोळका शर्यत करून टाकतो. कुणी तरी अर्धं पाऊल पुढे टाकतं, दुसरा ते भरून काढतो, आणि चार किलोमीटरनंतर सगळे धापा टाकत असतात.

सोबतीचा आणखी एक परिणाम ऑक्सफर्डमधल्या वल्हेकरांवर दिसला. बारा जणांनी व्यायामाच्या यंत्रावर ४५ मिनिटं वल्हवलं, एकदा एकट्यानं आणि एकदा सहा-सहाच्या गटात, एकाच लयीत. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळत नेऊन, कुठे दुखायला लागतं ते पाहिलं. एकट्यानं वल्हवल्यावरही वेदना सोसायची ताकद वाढली होती. पण गटात वल्हवल्यावर कितीतरी जास्त, आणि लावलेला जोर मात्र सारखाच होता. २००९-१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संशोधकांनी श्रेय एंडॉर्फिनला दिलं, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या वेदनाशामकांना. दिंडीत टाळाच्या ठेक्यावर दिवसभर चालणाऱ्यांना कुणी वल्हेकरांचा प्रयोग समजावून सांगायची गरज नाही, असं मला वाटतं.

सोबतीचा हा जोर आवरता येतो का? येतो, आणि त्याचं साधन म्हणजे गप्पा. पूर्ण वाक्य सलग बोलता येतंय तोवर शरीर प्राणवायूच्या हिशेबात बसून चाललेलं असतं. वेग त्या पलीकडे गेला की रक्तात वाढणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास भरभर घ्यावा लागतो आणि वाक्यं तुटायला लागतात. केनियात सुमारे २४०० मीटर उंचीवरचं इटेन हे गाव धावपटूंचं माहेरघर आहे. तिथं सकाळी घोळके फुफाट्याच्या रस्त्यावरून जीव खाऊन पळतात, आणि संध्याकाळी तेच लोक इतकं सावकाश पळतात की नवख्यालाही बरोबर राहता यावं. नॉर्वेत माजी धावपटू मारियस बाकेन यांनी घडवलेल्या आणि धावपटू याकोब इंगेब्रिग्त्सेन वापरत असलेल्या पद्धतीत आठवड्यातून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मेहनतीचा सराव असतो. पण बोटातून रक्ताचा थेंब घेऊन त्यातलं लॅक्टेट, म्हणजे जोरात पळताना रक्तात साचणारा पदार्थ, मोजतात आणि वेग मुद्दाम रोखून धरतात. टोकियोत याकोबचं १५०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण याच शिस्तीतून आलं. आपल्या पोरांकडे ते मोजायचं यंत्र नसेल. गप्पा आहेत.

मग संध्याकाळी एकट्यानं कशाला? एकटेपणाच्या विरोधात एक प्रसिद्ध प्रयोग सांगतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना पळायला चक्र दिलं. सोबत राहणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बारा दिवसांत नव्या चेतापेशी वाढल्या. एकेकट्या पिंजऱ्यातल्यांना तो फायदा लवकर मिळाला नाही, कारण ताणाची संप्रेरकं आड येत होती. पण हे उंदीर एकटे राहत होते. एकट्यानं पळून घरी आलेल्या मुलीला आई पाणी देते, भाऊ वेळ विचारतो. एकट्यानं पळणं वेगळं आणि एकाकी असणं वेगळं.

एकट्यानं पळायचं मला पटलेलं कारण नडगीत आहे. हाडातल्या पेशींना ताण कळतो, आणि त्या प्रमाणे हाड मजबूत होतं. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की साधारण वीसेक धक्क्यांनंतर या पेशी जवळजवळ बधिर होतात आणि पूर्ववत व्हायला त्यांना काही तास, सुमारे आठ तास, लागतात. रॉबलिंग आणि टर्नर या संशोधकांनी उंदरांच्या हाडांना ३६० धक्के एकदम दिले, आणि दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के ९०-९०चे चार भाग करून दिले. भाग केलेल्यांची हाडं जास्त बळकट झाली. त्यामुळे तेवढंच अंतर दोन वेळांत वाटून पळणं हाडांनाही मानवावं, असा अंदाज करता येतो. अट ‘तेवढंच अंतर’ ही. बहुतेक पोरं सकाळचं अंतर तसंच ठेवून संध्याकाळचं वर चढवतात. जास्त ताणलेलं हाड आधी थोडं पोखरलं जातं आणि मग भरतं. पोखरायला काही आठवडे, भरायला काही महिने. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर एकदम दुप्पट पळायला लागलेल्यांची नडगी नेमकी या मधल्या काळात सापडते.

आणि घोळक्यात ती दुखतेय हे नीट कळत नाही. वल्हेकरांच्या प्रयोगातून मी काढलेला हा अर्थ आहे, कुणी थेट तपासलेला नव्हे: जी सोबत दम विसरायला लावते, ती नडगीही विसरायला लावत असणार. संध्याकाळी शरीराचं तापमान सकाळपेक्षा अर्धा ते एक अंश जास्त असतं, सांधे मोकळे असतात, कॅनॉलच्या रस्त्यावर कुणी बरोबर नसतं. स्वतःच्याच पावलांचा आवाज येतो. एक पाऊल जड पडतंय का, कुठला पाय राखून टाकला जातोय, ते तेव्हा कळतं. घरी आल्यावर नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत न्यावा. लांबवर पसरलेला ठणका असेल तर अंतर कमी करून बहुतेक वेळा भागतं. दुखणं एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, तर ते हाडाला गेलेल्या तड्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी घोळक्यात जायचं नाही; आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवायचं.