दोन वितींचा पडदा

तिकीट काढताना मोबाइलवर थिएटरचा जो नकाशा उघडतो, त्यात पडदा म्हणजे कडेला ओढलेली एक बारीक रेघ असते. पडद्याची उंची त्यात नाही, पहिल्या रांगेपासूनचं अंतर नाही, स्पीकर कुठे आहेत तेही नाही. खुर्ची निवडायला जे लागतं, नेमकं तेच गायब! मग आपण सवयीने ‘मधली, जरा मागची’ खुर्ची टिपतो. सवय वाईट नाही. पण ‘जरा मागची’ म्हणजे किती मागची, यावर डोळे, मान आणि कान यांचं एकमत होत नाही.

डोळ्यांच्या दृष्टीने पडदा किती मीटरचा आहे याला फारसा अर्थ नाही. खुर्चीवरून तो किती अंशांचा दिसतो, हे महत्त्वाचं. चित्रपट-तंत्रज्ञांची संघटना ‘एसएमपीटीई’ सांगते, की शेवटच्या रांगेतूनही पडद्याची रुंदी किमान 30 अंशांची दिसावी. थिएटरच्या दर्जाला प्रमाणपत्र देणाऱ्या ‘टीएचएक्स’चा आग्रह 36 अंशांचा. पडदा 12 मीटर रुंद असेल, तर 30 अंश म्हणजे सुमारे 22 मीटरचं अंतर आणि 36 अंश म्हणजे साडेअठरा मीटर. त्याहून मागे गेलात, तर मोठ्या पडद्याचे पैसे देऊन छोटा पडदा बघाल.

हे अंश मोजायला वीत पुरते. हात पूर्ण लांब करून वीत ताणली, की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण 20 अंश होतात. दोन्ही हात समोर धरून अंगठ्याला अंगठा टेकवा, झाले 40. ज्याची वीत लहान, त्याचा हातही बहुधा तेवढाच आखूड, त्यामुळे हे माप लहानथोर सगळ्यांना चालतं. पडदा दीड वितीत मावला तर तुम्ही दूर आहात. तीन वितींहून मोठा दिसला तर फार जवळ. मला स्वतःला दोन वितींच्या आसपासची जागा आवडते. 12 मीटरच्या पडद्यासाठी ती साडेसोळा मीटरवर येते.

जवळ बसल्यावर नेमकं काय बिघडतं? आपल्या नजरेचा खरोखर तीक्ष्ण भाग जेमतेम दोन अंशांचा असतो. बाकीचं चित्र आपण नजर इकडून तिकडे उडवत गोळा करतो, सेकंदाला साधारण तीनदा. मधल्या 30 अंशांत हे काम बुबुळं परस्पर उरकतात, त्यापलीकडे मान वळवावी लागते. पडद्यापासून पाच मीटरवर बसलात तर हाच पडदा 100 अंश रुंद होतो. तळाशी सबटायटल्स असतील तर विचारूच नका: वाचायचं एका टोकाला आणि चेहरा भलत्याच टोकाला.

उंचीचं गणित याहून निष्ठुर आहे. एसएमपीटीईच्याच मार्गदर्शनानुसार पडद्याची वरची कड नजरेच्या पातळीपासून 35 अंशांहून वर नसावी. आपला 12 मीटरचा पडदा रुंद चौकटीच्या चित्रपटासाठी पाच मीटर उंच असतो. त्याची खालची कड डोळ्यांच्या एक मीटर वर धरली, तर साडेआठ मीटरच्या अलीकडची प्रत्येक रांग या कसोटीत नापास होते. पहिल्या रांगेतून उठताना मान का चोळावी लागते, ते यात आलं.

कानांचं म्हणणं वेगळंच. स्पीकर जुळवणारे तंत्रज्ञ मायक्रोफोन ठेवतात तो पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशावर. ध्वनीचा तोल तिथल्या कानांसाठी साधलेला असतो. मुख्य स्पीकर पडद्यामागे असतात, आवाज पडद्याच्या बारीक छिद्रांतून येतो आणि एक मीटर कापायला त्याला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. दोन वितींच्या खुर्चीपर्यंत तो पोचतो तेव्हा पडद्यावर पुढची चौकट (फ्रेम) आलेली असते, कारण चित्रपटाची एक चौकट 42 मिलिसेकंदच टिकते. मेंदू हे खपवून घेतो. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज 45 मिलिसेकंद आधी आला तर लक्षात येतो, उशीर मात्र 125 मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. विजेनंतर गडगडाट ऐकायची आपल्याला सवय आहेच.

भिंतीवरचे स्पीकर मुद्दाम उशिराने वाजवले जातात. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोचेल तिथूनच तो आला असं कान ठरवतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. पण हा उशीर सगळ्या खुर्च्यांना सारखा लागू पडणं शक्य नाही. म्हणून अगदी भिंतीलगत बसलेल्याला शेजारचा स्पीकर कानात बोलल्यासारखा वाटतो. मधोमधच्या खुर्चीसाठी भांडू नये, दोन खुर्च्या इकडेतिकडे चालतात. भिंतीलगतची मात्र मी टाळतोच. शेवटची रांगही, कारण मागच्या भिंतीजवळ खर्जाचे आवाज फुगतात.

बाजूने बघितलं तर चित्र तिरकं दिसायला हवं, तरी चेहरे चेपलेले वाटत नाहीत. पृष्ठभाग तिरपा आहे हे मेंदू ओळखतो आणि तेवढी दुरुस्ती करून घेतो. थ्रीडीत मात्र ही सोय लंगडी पडते: बाजूने चित्राची खोली तिरपी होते, मागून ती ताणली जाते आणि पुढून चपटी.

आता उजवी बाजू की डावी? कारेव्ह नावाच्या संशोधकाने 2000 मध्ये लोकांना थिएटरचे नकाशे देऊन जागा निवडायला लावली. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा कल उजवीकडे निघाला. तिथून पडदा डावीकडे राहतो आणि डावीकडचं दृश्य मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाकडे आधी जातं, जो भावना ओळखण्यात पुढे असतो, असं त्याचं स्पष्टीकरण. मला ते ओढूनताणून आणलेलं वाटतं. नजर तर पडद्याकडेच वळलेली असते. मात्र एक गोष्ट लक्षवेधी आहे: 2010 मध्ये ओकुबो या जपानी संशोधकाला उजवीकडचा हा कल दिसला, तो फक्त चित्रपट बघायची मनापासून इच्छा असलेल्यांमध्ये. ज्यांना चित्रपटात रस नव्हता, त्यांच्यात तो दिसला नाही.