माणसं बाहेर जातात, पेटंट आत येतं: हा वाद आजचा नाहीये

शिकलेली माणसं परदेशी जातात यावर एक भांडण आणि पेटंट कायदे कडक करायच्या दबावावर दुसरं, असं आपण वेगवेगळं भांडत बसतो, पण इतिहासात हे दोन्ही पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेलंय.

इंग्लंडने तर 1718 मध्ये कायदाच केला होता की कुशल कारागिरांनी परदेशात कामाला जायचं नाही, आणि ती बंदी उठली थेट 1824 ला. कारण साधं होतं, मशीनचं खरं ज्ञान कारागिराच्या हातात आणि डोक्यात असायचं. सॅम्युअल स्लेटर हा 21 वर्षांचा पोरगा, सूतगिरणीत उमेदवारी पूर्ण केलेला, 1789 ला गुपचूप अमेरिकेच्या जहाजात बसला, मशीनची रचना सगळी पाठ, आणि पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंडमध्ये पाण्याच्या जोरावर सूत निघायला लागलं. इंग्लंडमध्ये तो गद्दार ठरला, तिकडे उद्योगांचा जनक. त्याच अमेरिकेच्या 1793 च्या कायद्यात परदेशी माणसाला पेटंट मिळतच नव्हतं! नेदरलँड्सने तर 1869 ते 1912 पेटंट कायदाच गुंडाळून ठेवला होता. आज गरीब देशांना नियम शिकवताना हे कुणी सांगत नाही, आणि ते सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

'ब्रेन ड्रेन' ची ओरड सुरू झाली 1960 च्या दशकात, तीही ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेला चाललेत म्हणून. 1965 ला अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांसाठीचा देशनिहाय जुना कोटा काढला आणि आशियातल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं. मग अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी अशा लोकांच्या परदेशातल्या कमाईवर टॅक्स लावून तो पैसा त्यांच्या मूळ देशांना द्यावा असं सुचवलं, पण ते कागदावरच राहिलं.

आता परदेशातून आशियात परत आलेली दोन माणसं बघा. युसूफ हमीद केंब्रिजहून रसायनशास्त्रात पीएचडी करून भारतात आले, आणि 1970 च्या भारतीय कायद्यात औषधाला नाही तर फक्त ते बनवायच्या पद्धतीला पेटंट होतं, म्हणजे तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवता यायचं, म्हणून तर 2001 मध्ये त्यांची कंपनी सिप्ला एचआयव्हीची औषधं दिवसाला एक डॉलरच्याही खाली देऊ शकली, जी श्रीमंत देशांत वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होती. दुसरे मॉरिस चँग, अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये 25 वर्षं काढून 1985 ला तैवानला गेले, 1987 ला टीएसएमसी ही दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारी कंपनी काढली. तिचा धंदाच असा की गिऱ्हाईकाने आपलं चिपचं डिझाईन विश्वासाने हवाली करायचं, ते फुटलं तर संपलंच. एकाला सैल कायदा कामी आला, दुसऱ्याला गुपित जपल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दोघांनाही परतल्यावर काम करायला जागा मात्र होती, हमीदांना वडिलांची कंपनी, चँगना सरकारी संशोधन संस्था आणि सरकारचं भांडवल. माझ्या मते कायद्याआधी हे बघायला हवं.

1995 ला ट्रिप्स, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा पेटंट वगैरे हक्कांचा करार लागू झाला, पेटंट 20 वर्षांचं, आणि भारतानेही 2005 पासून औषधांना पेटंट द्यायला सुरुवात केली. सगळ्यात गरीब देशांना औषधांपुरती पेटंट न देण्याची सूट 2033 पर्यंत आहे. बांगलादेशने ती वापरली कारण तिथे औषध कंपन्या आधीच उभ्या होत्या, पण जिथे कारखाना नाही आणि केमिस्ट शिकला की बाहेर जातो तिथे त्या सवलतीचं करायचं काय, हा प्रश्न तसाच पडून आहे.